तोंड दिसेपर्यंत

राजूर, ता. भोकरदन
१४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप दादांना उमाचा दंडवत.

शैला तिसरीत गेली. पाढे म्हणताना अजून सतरापाशी अडते. माझी तब्येत ठीक हाय. पत्राचं कारण तब्येत न्हाई, इंजिन हाय.

चक्कीचं जातं चांगलं हाय, इंजिन मात्र खोकून राह्यलंय. निळा धूर सोडतंय, तेल पाण्यासारखं पितंय, आणि ज्वारी जरा जास्त टाकली की दम टाकतंय. कचरूमामा म्हणतात, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. कचरूमामा तुम्हाला आठवत असतील, यांच्या वेळेपासून पट्टा चढवायला हायत, डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. इंजिन आणल्यापासून रिंगा कधी बदलल्याच न्हाईत म्हणे. हे असते तर त्यांनी बघितलं असतं. आता हे न्हाईत, तर मला बघणं आलं.

जालन्याच्या मेस्त्रीला निरोप धाडला होता. तो म्हणाला, घरात माणूस कोण हाय ते आधी कळवा, मंग येतो. मी कळवलं, घरात माणूस मीच हाय. तेव्हापासून तो आला न्हाई.

आमचे भुजंगभावजी मात्र रोज येतात. इंजिनाभोवती एक चक्कर मारतात, हात लावून बघतात, पोरगी बघायला आल्यासारखे. त्यांना ते त्यांच्या विहिरीवर पाहिजे. म्हणतात, बाईमाणसानं चक्की चालवणं बरं दिसत न्हाई. मी म्हटलं, भावजी, तुमच्या घरचं दळण गेल्या साली बाईमाणसानंच दळलं, भाकरी बरी लागली का न्हाई?

दादा, तुमच्याशी आडपडदा कशाला ठेवू. ही चक्की बंद पडली तर मला भावजींच्या ओसरीवर उभं राहावं लागेल, न्हाईतर तुमच्या दारात. मला दोन्ही नको. राग मानू नका. मार्गशीर्षात अंगारकी हाय, गणपतीला सगळा मुलूख लोटतो, तेव्हा गावात दळणाला रात्र पुरत न्हाई. तोवर इंजिन धडधाकट झालं पाहिजे.

तुम्ही पुण्यात लॉऱ्यांच्या कारखान्यात रोज हेच काम करता. तर रिंगा धाडा, आणि बसवायच्या कशा ते बारीकसारीक लिहा. मी आणि कचरूमामा बसवू. हसू नका.

वहिनींना नमस्कार, लेकरांना पापा.
तुमची उमा


पुणे
२५ ऑगस्ट १९५७

चि. गं. भा. उमास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. हसलो नाही, पण तुझी वहिनी म्हणाली की बऱ्याच दिवसांनी चेहरा बरा दिसतो आहे. अजून ‘न्हाई’ लिहितेस! मी तुला इतके शिकवले, ते सगळे राजूरच्या मातीत गेले म्हणायचे. ‘नाही’ लिहीत जा. शैलाच्या कानावर तरी चांगली भाषा पडू दे.

उमा, तुझ्या हिमतीचे कौतुक वाटते, तशीच काळजीही वाटते. श्रीपतरावांनी उभी केलेली चीज मोडू नये असे तुला वाटणारच. पण यंत्र हे पुरुषाचे काम आहे. पट्टा सुटला, कुणाचा पदर अडकला, तर शैलाने कुणाकडे बघायचे? वर्षश्राद्धाला आलो होतो तेव्हा भुजंगरावांशी ओसरीवर बराच वेळ बोललो. माणूस सरळ वाटला. तुझे वाईट व्हावे असे त्यांच्या मनात नाही.

इथे दोन खोल्या आहेत, पण मनात जागा असली की खोल्या पुरतात. शैलाला इथे मुलींची चांगली शाळा मिळेल. रमेची प्रकृती तिसऱ्या बाळंतपणापासून सुधारलीच नाही, तिलाही सोबत होईल. विचार कर.

तोपर्यंत तुझा हट्ट पुरवतो. इंजिनावर एक पितळी पट्टी असेल, तिच्यावरचे आकडे उतरवून पाठव. रिंगा मिळवून देतो, रीतही लिहितो. बहिणीने मागितले आणि भावाने दिले नाही असे व्हायचे नाही.

तुझा
मार्तंडदादा


राजूर
६ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप दादांना दंडवत.

पट्टीवरचे आकडे मागच्या बाजूला लिहिले हायत. पट्टीवर तेलाची खपली धरली होती, शैलानं रॉकेलानं पुसली. आकडे तीनदा ताडून बघितले, बिलकुल बराबर हायत.

पाकिटावर ‘गं. भा.’ लिहू नका. पोस्टमन गावभर ओरडत येतो, ‘गंगाभागीरथी उमाबाई’ म्हणून. मी काय झाले ते मला माहीत हाय, रोज सकाळी उठून कुणी सांगायची गरज न्हाई. नुसतं उमा लिहा, पत्र पोचतं.

पुण्याचं म्हणाल तर तुमचा जीव हाय म्हणून म्हणता. पण वहिनींच्या दोन खोल्यांत मी दुसरी चूल कशी मांडू? आणि शैलाला शाळा इथंही हाय. पदराचं म्हणाल तर मी चक्कीवर असताना पदर कमरेला खोचून असते, भावजींना तेही बरं दिसत न्हाई.

आणि ‘न्हाई’ मी लिहिणारच. तुम्ही पुण्याला जाऊन ‘नाही’ म्हणायला शिकलात, आम्ही इथं ‘न्हाई’ म्हणतो, पण एकदा म्हटलं की म्हटलं.

रिंगा जल्दी धाडा.
उमा


पुणे
२१ सप्टेंबर १९५७

चि. उमास आशीर्वाद.

बघ, नुसते उमा लिहिले.

सोबतच्या पार्सलात रिंगा आहेत. तेलकट कागद काढू नकोस, बसवायच्या वेळीच काढ. आता नीट वाच आणि सांगितले तसेच कर.

पिस्टन बाहेर काढल्यावर जुन्या रिंगा उतरवा. ज्या खाचांत त्या बसतात त्या खाचांतली काजळी मोडक्या रिंगेच्या तुकड्यानेच खरवडून काढा. नवी रिंग चढवताना फार फाकवू नका, कच्चे लोखंड असते, तटकन तुटते. आणि रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नका, एकीचे पूर्वेला तर दुसरीचे पश्चिमेला असू दे, नाहीतर आतला दाब तिथूनच निसटेल.

पण या सगळ्याहून महत्त्वाचे ते सिलिंडर. पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्याची आतली बाजू. नवी रिंग त्या अंगावरच घासत राहते, म्हणून ते अंग आधी तयार करावे लागते. ते आरशासारखे गुळगुळीत कर. बोट फिरवलेस तर कुठे अडकता कामा नये. वाकून पाहिलेस तर तुझे तोंड दिसले पाहिजे. लहानपणी देवाची समई तू कशी लखलखीत ठेवायचीस, आई शेजारणींना बोलावून दाखवायची. तसेच. घाई करू नकोस, दोन दिवस लागले तर लागू देत.

खंडेनवमी जवळ आलीच आहे. त्या दिवशी पूजा करून सुरू कर.

एवढे करूनही चालले नाही तर मग समज की त्या लोखंडातच जीव उरला नाही. तेव्हा माझ्या शब्दाला मान दे.

तुझा
दादा


राजूर
१२ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप दादांना दंडवत.

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं, अक्षर न् अक्षर. कचरूमामांनी आणि मी पिस्टन काढला. खाचा खरवडल्या. सगळ्या रिंगा चढवल्या, एकही तुटली न्हाई. मामा म्हणाले, पोरीच्या हाताला बांगड्या चढवायची सवय हाय म्हणून जमलं. मंग माझ्या मोकळ्या हाताकडं बघून फडकं शोधायला लागले.

सिलिंडर मी एकटीनं घासलं. चुलीतली राख धोतराच्या फडक्यातून चाळली, पिठासारखी केली, तेलात कालवली आणि मऊ फडक्यानं गोल गोल घासत बसले. दोन दिवस. खांदे भरून आले. शैला म्हणाली, आई, समई पण इतकी चमकत न्हाई. शेवटी वाकून बघितलं तर खरंच तोंड दिसलं. यांच्या माघारी मी आरशात बघितलंच नव्हतं, ते इंजिनात बघितलं. कपाळ फार मोठं दिसलं.

खंडेनवमीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. गल्लीतल्या बाया दळणाचे डबे घेऊन आल्त्या, नव्या रिंगांचं पहिलं पीठ न्यायला. मामांनी चाक फिरवलं. इंजिन चालू झालं.

दादा, धूर पहिल्यापेक्षा दुप्पट. आधी वाटलं, आतलं तेल जळून राह्यलंय, जाईल. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडा झाला, तसंच हाय. तेल तर आधीपेक्षा जास्त खातंय. परवा एक बाई पीठ परत घेऊन आली, म्हणाली, भाकरीला धुराचा वास येतो. मी तिला माझ्या घरातलं पीठ दिलं.

काय चुकलं माझं? रिंगांची तोंडं एका रेषेत न्हाईत, मी खात्री केल्ती. सिलिंडरला तर बोट लावलं की घसरतं. आणखी घासू का? जल्दी कळवा. मी रोज पोस्टाकडं बघून राह्यले.

उमा


पुणे
२४ ऑक्टोबर १९५७, भाऊबीज

चि. उमास आशीर्वाद.

आज तुझी फार आठवण झाली. रमेने पाट मांडला आणि मी म्हणालो, ओवाळणारी तिकडे धुरात बसली आहे.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुझे काही चुकले नाही. तू घेतलेले श्रम वाचून डोळ्यांत पाणी आले. पण बाळ, लोखंडालाही वय असते. आतून ते झिजून गोलाई गेली असणार, त्याला नव्या रिंगा काय करणार? इंजिनाचे आयुष्य संपले. आता आणखी घासू नकोस, पैशाचा आणि अंगाचा चुराडा कशाला?

भुजंगरावांना विहिरीवर हळूहळू चालणारे इंजिन चालते, त्यांचे भागेल. त्यांना मी वेगळे लिहितो. मार्गशीर्षात सामान आवर. मी मनमाडपर्यंत येईन, तिथून आपण बरोबर येऊ. अंगारकीच्या गर्दीआधी निघालीस तर बरे, गाड्यांना जागा मिळेल.

तू प्रयत्न केलास. आता कुणी तुला काही म्हणणार नाही.

तुझा
दादा


राजूर
५ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप दादांना दंडवत.

बरं. तुम्ही म्हणता तसं.

पंधरा दिवस झाले, बाया माझ्या दारावरून डबे डोक्यावर घेऊन भोकरदनच्या मोटारीला उभ्या राहतात. मला बघून तोंड फिरवतात, त्यांचंही बरोबर हाय, धुराची भाकरी लेकरांना कोण घालील. काल भावजी दोरी घेऊन आल्ते, इंजिन मोजायला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडी आणतो म्हणाले. कचरूमामा बाहेर जाऊन बसले, तिकडं बघितलंच न्हाई त्यांनी.

भावजी मामांना म्हणाले, यात नवीन काय हाय, इंजिन आमचं आणि बहीण त्यांची, हे वर्षश्राद्धालाच ठरलंय. मामांनी मला सांगितलं तेव्हा मला राग यायला पाहिजे होता. पण मी इतकी थकले की उलट बरं वाटलं. म्हटलं, आपल्याला माहीत नसताना कुणीतरी आपली काळजी करून ठेवली.

शैलाला सांगितलं. तिनं विचारलं, पुण्याला आपली चक्की कुठं ठेवायची?

वहिनींना सांगा, मी त्यांना जड होणार न्हाई. पहाटे उठायची मला सवय हाय.

उमा


पुणे
१४ नोव्हेंबर १९५७

उमावन्सं यांस रमाचा नमस्कार.

माझे पत्र बघून नवल वाटेल. लग्नाला बारा वर्षे झाली, कधी लिहिले नाही. हे कामावर गेले की पोस्टमन येतो आणि तेव्हाच मी पत्र टाकू शकते, एवढेच सांगून ठेवते.

तुम्ही येणार म्हणून मोरीजवळची जागा रिकामी करून ठेवली आहे. तुम्ही आलात की स्वयंपाक तुमच्याकडे, मुले तुमच्याकडे आणि मी विश्रांती घ्यायची, असे ठरले आहे म्हणे. मला कुणी विचारले नाही. मला वाटते तुम्हालाही विचारले नसेल. मी आजारी आहे हे खरे, पण माझी चूल मला अजून झेपते आहे. वन्सं, दोन खोल्यांत दोन बायका राहिल्या की दोघींपैकी एकीची मोलकरीण होते. ती तुम्ही व्हाल की मी, ते मला ठाऊक नाही. मला दोन्ही नको आहे. तुम्हाला राग आला तर येऊ दे.

दुसरे एक. परवा हे कामावरून आले ते तणतणतच. हाताखाली रामराव म्हणून माणूस आहे, यांच्याच वयाचा. त्याने एका लॉरीला नव्या रिंगा घालायच्या होत्या. त्याने काय केले तर आतून सिलिंडर घासून घासून लखलखीत केले. यांनी चारचौघांत त्याला बोल लावले आणि घरी येऊन जेवतानाही तेच. म्हणाले, “गाढवाला एवढे कळत नाही, आरशावर तेल ठरत नाही आणि नवी रिंग बसत नाही. गाडी नुसती धूर ओकणार.”

मला आपले तुमचे पत्र आठवले. तोंड दिसेपर्यंत घासले असे तुम्ही लिहिले होतेत ना? हे वाचून दाखवत होते तेव्हा मी भांडी विसळत होते. मला त्यातले काय कळते. वाटले म्हणून लिहिले.

हे पत्र चुलीत घाला.
रमा


राजूर
१९ नोव्हेंबर १९५७

वहिनींना उमाचा नमस्कार.

तुमचं पत्र चुलीत घातलं. घालायच्या आधी मी चुलीपुढं किती वेळ बसले ते शैलाला विचारा.

राग आला न्हाई. दोन खोल्यांचं तुम्ही सरळ लिहिलं, मला आजवर कुणी इतकं सरळ लिहिलं न्हाई.

एकच विचारते. रामरावानं मंग काय करायला पाहिजे होतं? जेवताना सहज विचारल्यासारखं विचारा. भाजी चांगली करा त्या दिवशी.

उमा


पुणे
२४ नोव्हेंबर १९५७

उमावन्सं यांस नमस्कार.

भरली वांगी केली होती. विचारले. आपल्या कामाचे कुणी विचारले की यांना बरे वाटते, तेवढा एक भोळेपणा आहे.

म्हणाले, जुने सिलिंडर चालून चालून आपोआपच गुळगुळीत होते, तीच चकाकी आधी मोडायची असते. खरखरीत कागद मिळतो, लोखंड घासायचा काळा. तो रॉकेलात बुडवायचा, आणि हात खालीवर करत करत फिरवत न्यायचा, म्हणजे ओरखडे तिरपे पडतात. मग उलट्या बाजूने, म्हणजे एकावर एक फुल्या फुल्या होतात. सगळे अंग मंद दिसले पाहिजे, कुठेही चकाकी उरता कामा नये. पण खोल चर पाडायचे नाहीत, नुसते अंग खरखरीत करायचे. त्या बारीक ओरखड्यांत तेल धरून राहते आणि रिंग त्यांच्यावर घासून आपली जागा करून घेते. मग गरम पाणी आणि साबण, पांढरे फडके पांढरेच निघेपर्यंत, कारण त्या कागदाची कणी आत राहिली तर सगळे खाऊन टाकते. लगेच कोरडे करून तेलाचा हात, नाहीतर गंजते.

इतके सांगून झाल्यावर यांनी माझ्याकडे बघितले आणि विचारले, तुला कशाला हवे? मी म्हटले, वांगी आणखी वाढू का?

आता मला लिहू नका.
रमा


राजूर
१३ डिसेंबर १९५७

दादांना नमस्कार.

मी पुण्याला येत न्हाई. मनमाडला येऊ नका.

देवदर्शनाला एक लॉरीवाला आल्ता. धूर बघून थांबला. त्यानं सांगितलं, बाई, सिलिंडरला आतून चकाकी असली तर रिंगा बसायच्या न्हाईत, ओरखडे पाडा. जालन्याहून काळा कागद मागवला. ज्या हातांनी दोन दिवस चकाकी आणली त्याच हातांनी ती मोडली. रिंगा त्याच, तुम्ही धाडलेल्याच. दोन दिवस धूर होता. मंग विरळ झाला. मंग गेला.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी भावजी बैलगाडी, दोरखंड आणि चार माणसं घेऊन आले, तेव्हा दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत बाया बसल्या होत्या. इंजिन ठणठणीत चालू होतं. भावजींनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, तुझ्या भावानं शब्द दिलाय. मी म्हटलं, मंग त्यांच्याकडून घ्या. बाया हसल्या. ते मात्र त्यांना लागलं. आता त्यांच्या घरचं दळण भोकरदनला जातं आणि आमच्याकडं येणंजाणं बंद झालं. शैलाला तिच्या चुलत भावंडांशी खेळू देत न्हाईत.

अंगारकी पार पडली. माझं अंग मोडून आलं, पण डबा परत एकही गेला न्हाई.

दादा, तुम्ही रोज हेच काम करता. रस्त्यानं जाणाऱ्या लॉरीवाल्याला जे ठाऊक ते तुम्हाला ठाऊक नव्हतं का? एवढंच विचारते. दुसरं काही मागत न्हाई. चुकलं म्हणून लिहा, मी मानीन.

उमा


पुणे
२४ डिसेंबर १९५७

चि. गं. भा. उमास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून फार दुःख झाले. बहिणीकडून जाब विचारला जाईल अशी कल्पना नव्हती.

इंजिन चालू झाले, आनंद आहे. पण तू माझे पत्र नीट वाचले नाहीस. मी सिलिंडर स्वच्छ करायला सांगितले होते. स्वच्छ म्हणजे आरसा नव्हे. तोंड दिसेपर्यंत घासत बसायला मी का सांगेन? बायकांना घासणे म्हटले की भांडीच आठवतात, त्याला मी काय करणार? इतक्या लांबून लिहिलेले, अर्थाचा अनर्थ व्हायचाच. म्हणूनच म्हणत होतो की हे तुझे काम नव्हे. माझ्या मनात तुझ्या भल्याशिवाय दुसरे काही नव्हते आणि नाही.

लॉरीवाल्याची गोष्ट मला पटलेली नाही. रमेला चार महिन्यांसाठी तिच्या माहेरी पाठवले आहे. हवापालट होईल, आणि पोस्टाच्या तिकिटांचा खर्चही वाचेल. मुले शेजारी जेवतात. घराचे असे झाले, ते कुणामुळे याचा तूच विचार कर.

तरीही माझ्या मनात किल्मिष नाही. झाले ते विसरून जाऊ. पुढच्या भाऊबीजेला शैलाला घेऊन ये. येशील ना?

तुझा
दादा


राजूर
३ जानेवारी १९५८

मार्तंडराव यांस,

सोबत तुमचं सप्टेंबरातलं पत्र परत धाडलंय. मला आता ते लागत न्हाई, तुम्हाला लागेल. ‘तोंड दिसले पाहिजे’ असं लिहिलंय तिथं बघा. अक्षर तुमचंच हाय, फार सुंदर, एकही खाडाखोड न्हाई.

वहिनींना आजच्या आज घरी आणा. त्यांनी मला काही सांगितलं न्हाई. आणि सांगितलं असतं तरी तुमच्यापेक्षा बरंच केलं असतं. तुम्ही न्हाई आणलं तर त्या इकडं येतील. चक्कीवर तोलायला मला माणूस पाहिजेच हाय, आणि इथं दोन चुली मांडायला जागा हाय.

चूक झाली असती तर मी विसरले असते. रिंगा तुम्ही चांगल्या धाडल्या, खाचा बराबर सांगितल्या, तोंडं फिरवायची सांगितली. सगळं खरं सांगून एवढंच खोटं सांगितलं. मला समईची आठवण दिली, आईची दिली, म्हणजे मी मन लावून घासीन. मी घासलं. माझ्याच हातानं माझी चक्की बंद पडावी आणि मीच म्हणावं की बाई गं, माझ्यानं झालं न्हाई. यात तुम्हाला माझं भलं दिसलं.

मी नीट वाचलं न्हाई म्हणता. मला वाचायला शिकवलं कुणी, दादा? आई भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीपुढची राख पसरून तिच्यात बोटानं अक्षर काढायचा. मी ते गिरवायचे. चुकलं की टपली मारायचा आणि राख पुन्हा सारखी करायचा. घरात कुणी पोरीला शिकवा म्हटलं नव्हतं, तुम्हीच हट्ट केल्ता. तुमचं अक्षर मी अंधारातसुद्धा वाचीन. तेच अक्षर खरं मानून मी चुलीतली राख चाळली आणि घासत बसले.

भाऊबीजेला येशील ना, म्हणून विचारलंत.

न्हाई.

उमा